चढावरचं हाँगकाँग: सेंट्रल, लान क्वाई फाँग आणि सोहोमधले तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी,

हाँगकाँगला निघालेल्या ओळखीतल्या माणसांचा मला हमखास प्रश्न येतो, "संध्याकाळी जेवायला-फिरायला कुठे जायचं?" माझं उत्तर ठरलेलं असतं: सेंट्रल स्टेशनच्या मागचा डोंगर. पण सांगूनही बरीच मंडळी पायथ्याशी बारने भरलेल्या लान क्वाई फाँगच्या एका गल्लीत तासभर उभी राहतात, फोटो काढतात आणि तिथूनच परत फिरतात. वर चढतच नाहीत. मला याची फार हळहळ वाटते. या भागात जे आहे ते सगळं चढामुळे आहे, आणि चढल्याशिवाय ते हाती लागत नाही. म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी भूगोलाची उजळणी. बंदराजवळची सपाट जमीन बहुतेक भराव घालून केलेली. क्वीन्स रोड ओलांडला की डोंगर सुरू. आडवे रस्ते डोंगराच्या अंगाने जातात: स्टॅनले स्ट्रीट, वेलिंग्टन स्ट्रीट, मग हॉलीवूड रोड, स्टाँटन स्ट्रीट, केन रोड, रॉबिन्सन रोड आणि सगळ्यात वर काँड्युइट रोड. उभे रस्ते म्हणजे तीव्र चढ नाहीतर सरळ पायऱ्या: पॉटिंजर, ग्रॅहम, पील, शिंग वाँग, लॅडर स्ट्रीट. या सगळ्यातून वर जातो तो सरकता जिना. तो १९९३ साली सुरू झाला. लांबी ८०० मीटरहून जास्त, चढण १३५ मीटर, एका सलग जिन्याऐवजी तुकड्यातुकड्यांनी जोडलेला, वर छप्पर, तिकीट नाही. मिड-लेव्हल्स म्हणजे डोंगराच्या मधल्या टप्प्यावरच्या वस्तीत राहणाऱ्यांनी गाडी न काढता खाली ऑफिसला यावं म्हणून तो बांधला. त्याआधी स्टाँटन आणि एल्गिन स्ट्रीटवर जुन्या चाळवजा इमारती, छापखाने, छोटी दुकानं होती. जिना दारावरून जायला लागला आणि तिथे खाणावळी आल्या. हॉलीवूड रोडच्या दक्षिणेचा म्हणून तो भाग सोहो झाला. लोकांना ऑफिसला पोचवण्यासाठी केलेल्या सोयीतून शहरातला जेवणाचा सगळ्यात चांगला पट्टा उभा राहिला, याचं मला अजूनही नवल वाटतं.

एकच विनंती. काय खाल्लं, काय प्यायलात हे लिहाच, पण कुठल्या चढावर आणि किती वाजता तेही लिहा. तिथे या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून असतं.

*

ठाण्याहून, कंपनीच्या कामासाठी गेलेला

मी सुरुवात करतो, कारण तुम्ही म्हणता त्या गल्लीत मी बराच काळ घालवलाय आणि मला ती आवडते.

शुक्रवारी सहाला ऑफिस सुटलं की आमचा तिथला मॅनेजर सगळ्यांना घेऊन निघायचा. सेंट्रल स्टेशनच्या डी-२ दारातून बाहेर पडायचं, दोन वळणं घेतली की डी'अग्विलार स्ट्रीटचा चढ लागतो. लान क्वाई फाँग ही त्याला जोडलेली काटकोनी गल्ली, पण हल्ली सगळ्या परिसरालाच ते नाव पडलंय. १९८३ साली उद्योजक अॅलन झेमन यांनी तिथे 'कॅलिफोर्निया' नावाचं रेस्टॉरंट काढलं. त्यानंतर एकेक करत पूर्ण गल्लीच खाण्यापिण्याची झाली.

मुंबईकराला पहिला धक्का बसतो तो रस्त्यावर उघडपणे पिण्याला मुभा आहे याचा. बारमध्ये बसायचं नसेल तर कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनमधून कॅन घ्या आणि बाहेर उभे राहा. सुटातले बँकवाले, हॉस्टेलवर उतरलेले पोरगे, सुट्टीवर आलेली जोडपी, सगळे त्याच फुटपाथवर. वाइन आणि बिअरवरचं शुल्क हाँगकाँगने २००८ मध्ये काढून टाकलं, तरी बारमधले दर चटका लावतात, कारण तुम्ही जागेचं भाडं पीत असता. आठच्या आत हॅपी अवर गाठा. आणि बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असतो, तो बघून मगच टिप ठेवा.

चढाबद्दल: तिथे उभं राहायची एक पद्धत आहे. एक पाय वर, एक पाय खाली, पाठ भिंतीला. दहा मिनिटांत प्रत्येक जण आपोआप तसा उभा राहतो.

*

मर्चंट नेव्हीतून निवृत्त, मालवण

वरच्या भावाने लिहिलंय ते खरं, पण या गल्लीची एक रात्र तरुण वाचकांना माहीत असावी असं वाटतं.

३१ डिसेंबर १९९२. नवं वर्ष साजरं करायला लान क्वाई फाँगमध्ये तुडुंब गर्दी झाली होती. रस्ता उतरता, त्यावर बिअर आणि फेस सांडून निसरडा झालेला. बाराच्या ठोक्यानंतर काही जण घसरले, त्यांच्यावर मागचे, त्यांच्यावर त्यांच्या मागचे. २१ माणसं गेली, त्यांत बरीचशी कोवळी पोरं. न्यायमूर्ती बोखारी यांनी चौकशी केली आणि त्यानंतर गर्दी सांभाळायची सगळी पद्धतच बदलली.

आमचं जहाज त्यानंतरच्या काळात तिथे लागायचं. सणाच्या रात्री पोलीस लोखंडी कठडे लावून ठेवत. एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, मध्ये थांबायचं नाही. आमच्यातले काही वैतागायचे. मी नाही. माझा एक बॅचमेट त्या रात्री तिथून थोडा आधी निघाला होता. तो नंतर कधीही उतारावरच्या गर्दीत उभा राहिला नाही.

हॅलोविन किंवा ३१ डिसेंबरला जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: कठड्याच्या आत शिरण्याआधी बाहेर पडायची वाट बघून ठेवा, आणि उताराच्या मध्यावर उभे राहू नका. वरच्या टोकाला, विंडम स्ट्रीटच्या बाजूला राहा. सपाटीवर गर्दी ढकलते तेव्हा माणूस मागे सरकू शकतो, उतारावर त्याला मागे सरकायला जागाच नसते.

*

धागाकर्ती

काका, हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. रस्ते आखणाऱ्या प्रत्येकाने हे शेवटचं वाक्य वाचायला हवं.

*

नाशिकची, आता शाँग वानमध्ये राहते

सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचा एक गुडघा दुखरा होता आणि त्या कांदा-लसूणही न खाणाऱ्यांपैकी. मित्रमंडळींनी सांगितलं, त्यांना सोहोत नेऊ नकोस, हाल होतील. मी नेलं, आणि पुन्हा नेईन.

जिन्याचं वेळापत्रक आधी पाठ करा. सकाळी सहा ते दहा तो खाली येतो, कारण वरची माणसं कामाला निघालेली असतात. दहानंतर रात्री बारापर्यंत तो फक्त वर जातो. म्हणजे दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला संध्याकाळी वर जाणं सोपं आणि उतरणं जिकिरीचं. आम्ही सेंट्रल मार्केटपासून जिन्यावर चढलो, हवं तिथे उतरलो, बसलो, पुन्हा चढलो, आणि शेवटी केन रोडवरून टॅक्सी करून घरी आलो. सासूबाई पूर्ण वाट कठडा धरून दोन्ही बाजूंच्या खिडक्यांत बघत होत्या. जिना पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून जातो, त्यामुळे केस कापून घेणारा माणूस, ताट पुसणारी मुलगी, कुणाची वाळत घातलेली चादर, सगळं हाताच्या अंतरावर. "अगं, हे तर गिरगावातल्या गॅलरीतून चालल्यासारखं झालं," म्हणाल्या.

हॉलीवूड रोडवर मान मो देवळात त्यांना नेलं. विद्येची देवता आणि युद्धाची देवता एकाच गाभाऱ्यात. छताला उदबत्तीची मोठमोठी वेटोळी टांगलेली, प्रत्येकाखाली लाल कागदावर नवस लिहिलेला. एक वेटोळं कित्येक दिवस जळत राहतं. राख अंगावर पडू नये म्हणून खाली ताटल्या लावलेल्या असतात, तरी पडतेच. सासूबाईंच्या पांढऱ्या पदरावर पडली. त्यांनी ती झटकली नाही, बोटाने उचलून कपाळाला लावली. पुजाऱ्याच्या जागी बसलेल्या आजींनी ते पाहिलं आणि दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

जेवणाचं: कँटोनीजमध्ये "ङो सिक झाई" म्हणा. मी शाकाहारी, बौद्ध पद्धतीचं जेवते, असा अर्थ. नुसतं "मीट नको" म्हणालात तर ऑयस्टर सॉस, सुकी कोळंबी, चिकनचा रस्सा यांपैकी काहीतरी येणारच, कारण त्यांच्या लेखी ते मीट नव्हे. बौद्ध परंपरेच्या जेवणात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. त्यामुळे सासूबाईंना जे पुण्यातल्या हॉटेलात मिळत नाही ते इथे न मागता मिळालं. एग टार्ट मात्र विचारून घ्या, पुष्कळ ठिकाणी पारीत डुकराची चरबी घालतात.

*

सांगलीचा, सोहोच्या एका किचनमध्ये काम केलेलं

तुम्ही सगळे संध्याकाळचं लिहिताय. मी सकाळचं लिहितो.

आमचं रेस्टॉरंट पायऱ्यांच्या गल्लीत. गाडी दारापर्यंत येत नाही. माल हॉलीवूड रोडला उतरवायचा आणि तिथून ट्रॉलीवर, ट्रॉली जाणार नाही तिथे खांद्यावर. तांदूळ, तेलाचे डबे, बिअरचे पिंप, बर्फ. माल पोचवणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. एक गृहस्थ बिअरचं पिंप प्रत्येक पायरीवर टेकवत, अर्ध्या गिरकीने फिरवत वर आणायचे. हातात फाटक्या टॉवेलची घडी, पिंपाची कड पायरीला लागते तिथे ती आधी सरकवायची, मग पिंप टेकवायचं. आवाज होऊ नये म्हणून. वरच्या मजल्यांवर लोक झोपलेले असतात.

भाजी आम्ही ग्रॅहम स्ट्रीटच्या बाजारातून आणायचो. दीडशेहून अधिक वर्षं उताराच्या रस्त्यावर भरणारा बाजार. पुनर्विकासात त्याचा बराच भाग गेला, काही विक्रेते नव्या इमारतीत बसले, पण रस्त्यावर अजून हिरव्या टपऱ्या आहेत. जवळच गेज स्ट्रीटला ज्या रेस्टॉरंटात एका प्लेटचे तीनशे-चारशे हाँगकाँग डॉलर घेतात, त्यातली पालेभाजी खाली पन्नास पावलांवर त्याच बाजारातून येते. पर्यटकांनी सकाळी दहाच्या आत इथे एक चक्कर माराच.

दुपारी तीनला सुट्टी व्हायची. तेव्हा लान फाँग युएनला चहा. १९५२ पासूनची टपरी. चहा कापडी गाळणीच्या लांबट पिशवीतून पुन्हा पुन्हा ओततात, पिशवी चहाने इतकी रंगते की लांब मोज्यासारखी दिसते. दूध डब्यातलं, आटवलेलं. चहा इतका कडक की आमच्या मिरजेच्या स्टँडवरची आठवण यायची. 'मी लुन' नावाच्या स्ट्रीटला शिंग हेउंग युएन नावाची उघड्यावरची खाणावळ आहे, तिथे टोमॅटोच्या रश्श्यात मॅकरोनी. ती संध्याकाळी बंद असते, दिवसाच जा.

या उघड्या खाणावळींना दाय पाय दाँग म्हणतात आणि त्या आता थोड्याच उरल्यात. १९५६ पासून सरकारने परवाने आवळले. परवाना फार तर नवऱ्याकडून बायकोला किंवा बायकोकडून नवऱ्याला, मुलांना नाही, असं कित्येक वर्षं चाललं. मालक गेला की चूल विझली. मला याचं फार दुःख होतं. स्वच्छतेचे नियम कडक करा, पाण्याची सोय करून द्या, पण मुलगा वडिलांची कढई धरायला तयार असताना त्याला नाही म्हणायचं, हे कुठल्या हिशेबात बसतं?

ओव्हरटाइमचे पैसे माझ्या एका मालकाने बुडवले. ते सांगायला हा धागा नाही. पण तिथे जेवायला गेलात तर बिलाबरोबर दोन गोड शब्द किचनसाठी पाठवा. आत पोचतात.

*

डॉक्टर, पुणे

सोहोतून पश्चिमेकडे चालत गेलात तर ताय पिंग शान लागतं. छोटे कॅफे, कुंडीतली झाडं, हाताने घडवलेल्या मातीच्या कपांची दुकानं. शनिवारी दुपारी बसायला जागा नसते. मी तिथे कॉफी प्यायला गेले नव्हते. मला केन लेनवरचं वैद्यकशास्त्राचं संग्रहालय बघायचं होतं. लाल विटांची ती इमारत १९०६ साली जंतुशास्त्राची प्रयोगशाळा म्हणून उघडली.

याच उतारावर १८९४ मध्ये प्लेग पसरला. एकाला एक चिकटलेली घरं, एकेका खोलीत अनेक कुटुंबं. त्याच वर्षी जंतुशास्त्रज्ञ अलेक्झांडर येर्सिन यांनी हाँगकाँगमध्येच प्लेगचा जंतू ओळखला. सरकारने वस्तीचा मोठा भाग पाडला, त्या जागेवर आज ब्लेक गार्डन आहे. दोन वर्षांनी, १८९६ मध्ये, प्लेग मुंबईत आला. तो हाँगकाँगकडून आलेल्या जहाजांतून आला असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढचं आपल्याला शाळेपासून माहीत आहे: पुण्यातली सक्तीची झडती, १८९७ मध्ये रँडचा वध, मुंबईत हाफकिन यांची लस. आणि त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई गेल्या.

ब्लेक गार्डनमध्ये त्या दिवशी मुलं बास्केटबॉल खेळत होती. मी बाकावर बसून सावित्रीबाईंचा विचार करत होते. प्लेगच्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्याकडे चालत निघालेल्या सावित्रीबाई. ज्या साथीने त्यांना नेलं, तिचा एक थांबा हा उतार. मराठी माणसाने तिथे कॉफी प्यावी, जरूर प्यावी, पण त्याआधी हे संग्रहालय बघावं. तिथे थांबण्याचं आपल्याला कारण आहे.

*

श्रीवर्धन, सध्या दुबई

डॉक्टरबाईंनी नातं सांगितलं, मी आणखी एक सांगतो. सरकत्या जिन्याने वर जाताना शेली स्ट्रीटवर हिरवट भिंतींची एक मशीद लागते, जामिया मशीद. मूळ एकोणिसाव्या शतकातली, आजची इमारत १९१५ ची. ती बांधली मुंबईच्या हाजी मोहम्मद इसाक इलियास यांनी. मुंबईचं नाव तिथे वाचून मी जिन्यावरून उतरलो आणि असरची नमाज तिथेच पढलो. बाहेर दहा पावलांवर बारच्या खुर्च्या मांडत होते. आत अंगणात झाडं, थंड फरशी. कुणाची कुणाला अडचण वाटत नव्हती.

आपल्या मुंबईच्या पारशांचीही खूण सगळीकडे आहे. बंदर ओलांडणारी बोट, स्टार फेरी, दोराबजी नौरोजी यांनी सुरू केली, हाँगकाँग विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसाठी होरमसजी मोदी यांनी पैसे दिले. जेवणाच्या गप्पांत हेही येऊ द्या.

*

स्टाँटन स्ट्रीटवर भाड्याने राहिलेली

सगळे गोड लिहितायत, म्हणून वर राहणाऱ्यांच्या बाजूने थोडं. माझ्या खोलीखाली एक बार होता. दारं-खिडक्या उघड्या ठेवून रात्री दोनपर्यंत संगीत. उताराच्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना उंच इमारती, आवाज बाहेर जात नाही, वर चढतो. सहाव्या मजल्यावर तो तळमजल्यापेक्षा मोठा ऐकू यायचा. आमच्या इमारतीतल्या आजी-आजोबांनी परवान्याच्या नूतनीकरणाला लेखी हरकत घेतली, सुनावणीला गेले, आणि अकरानंतर दारं बंद ठेवायची अट घालून घेतली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी त्यांच्यासाठी पत्रं टाइप केली. त्या जुन्या इमारतींत अजून माणसं राहतात, हे तिथे रात्री मोठ्याने बोलताना लक्षात ठेवा, एवढंच.

*

आर्किटेक्ट, कोल्हापूर

ताय क्वुन कुणी लिहिलंच नाही! जुनं पोलीस ठाणं, न्यायालय आणि व्हिक्टोरिया तुरुंग, सगळं एकाच आवारात, २०१८ पासून लोकांसाठी खुलं. हर्झोग आणि द म्युराँ या स्विस आर्किटेक्टनी मध्ये दोन नव्या इमारती बसवल्या आहेत, दर्शनी भागाला ओतीव अॅल्युमिनियमचे ठोकळे. जुन्या विटेशी स्पर्धा न करता ते उभे आहेत. हो ची मिन्ह १९३१ मध्ये याच तुरुंगात होते. कोठड्यांच्या एका रांगेत आता बार आहे. मला तिथे प्यायला बसणं जमलं नाही, पण फरसबंदीच्या मोठ्या चौकात पायऱ्यांवर बसून घरून आणलेलं सँडविच खाल्लं आणि कुणी उठवलं नाही. सेंट्रलमध्ये पैसे न देता बसायला मिळणं, हीच मोठी चैन आहे.

कॉकटेलची आवड असेल तर: शिन हिंग स्ट्रीटच्या पायऱ्यांवर 'कोआ', टकिलासारख्या मेक्सिकन अगावे मद्यांचा बार, आशियातल्या पन्नास सर्वोत्तम बारच्या यादीत २०२१ पासून सलग तीन वर्षं पहिला. २०२४ ला पहिला आला तो 'बार लिओने', ब्रिजेस स्ट्रीटवर, म्हणजे जवळच. दोन्हीकडे रांग लागते, उघडायच्या वेळेला जाऊन उभे राहा.

*

नवीन वाचक

पुढच्या महिन्यात जातोय. सोबत दीड वर्षाची मुलगी आणि बाबागाडी. जमेल का? आणि रात्री परत बंदरापलीकडे चिम शा चुईला कसं यायचं?

*

धागाकर्ती

बाबागाडी हॉटेलवरच ठेवा, मुलीला पाठीशी बांधायची पिशवी घ्या. जिन्याच्या प्रत्येक तुकड्याला गाडी घडी करून उचलावी लागेल, आणि उतरताना तर पायऱ्याच. संध्याकाळी पाचला सेंट्रल मार्केटहून सुरुवात करा, स्टाँटन स्ट्रीटपर्यंत वर जा, सहालाच जेवून घ्या. त्या वेळेला टेबलं रिकामी असतात आणि लहान मुलांना कुणी नाक मुरडत नाही. मग पायी हॉलीवूड रोडने पूर्वेकडे ताय क्वुनला या, तिथला चौक सपाट आहे, मुलीला मनसोक्त पळू द्या. तिथून पॉटिंजर स्ट्रीटच्या दगडी पायऱ्यांनी उतरू नका, पाऊस असेल तर अजिबात नाही, दगड उंचसखल आहेत. विंडम स्ट्रीटच्या वळणाने सावकाश खाली या. परतीला स्टार फेरी घ्या, ती रात्री अकराच्या पुढेही असते. एमटीआर म्हणजे तिथली मेट्रो साधारण एकपर्यंत चालते, त्यानंतर एन अक्षराने सुरू होणाऱ्या रात्रीच्या बस. प्रवासाचं ऑक्टोपस कार्ड या सगळीकडे चालतं. टॅक्सी घेतलीत तर रोख पैसे जवळ ठेवा, आणि बंदर ओलांडून येणार का हे बसण्याआधी विचारा.